दोन बोटं माया

चिवासोका, ९ मार्च

सुमेर्से नेल्सी,

रागावली असलीस तरी आदरानं सुमेर्सेच म्हणणार. आपल्या गावात गाढवाला वाटेतून हटवतानाही ‘सुमेर्से, जरा सरका’ म्हणतात, मग भाचीनं काय घोडं मारलंय.

सात महिने झाले. या सात महिन्यांत मी तुला नाताळाचं एक कार्ड धाडलं आणि एक रुआना विणून धाडली. दोन्हींची पोच नाही. तिकडच्या गरम मुलखात लोकरीची रुआना अंगावर घेऊन काय करायचं, असं तू म्हणशील. घडी करून उशाला घे, पण पोच दे. तुझा बाप दर रविवारी दुकानातून तुला फोन लावतो, अर्धा तास दुधाच्या गाडीच्या टायरांबद्दल बोलतो, आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला की लाइन तुटते. नेमकी तेव्हाच कशी तुटते, ते एकदा टेलिफोनवाल्यांना विचारायला हवं.

एवढा राग कशाचा, ते मला अजून कळलेलं नाही. तुमच्या अकादमीत यादी लागली. खुर्चीसकट पायलटला बाहेर फेकणारी ती जी वेगवान विमानं असतात, त्यांच्या यादीत तुझं नाव आलं नाही. हेलिकॉप्टरच्या यादीत आलं. कारण काय, तर बसल्यावर पाठीपासून गुडघ्यापर्यंतचं माप चौसष्ट सेंटिमीटरच्या आत हवं, आणि तुझ्या कागदावर सहासष्ट. खुर्ची उडाली की गुडघे समोरच्या फळीवर आपटतात म्हणे. आता मांडी लांब आहे तर आहे. तुझे आजोबा, तुझा बाप, दोन्ही काका, सगळे सायकलवाले. आपल्या घराण्यात मांडी देताना देवानं हात आखडला नाही, डोकं देताना आखडला.

मी काय केलं? तू रजेवर घरी आलीस, रडवेलं तोंड करून यादी दाखवलीस, आणि मी ‘देव पावला’ म्हणाले. आणि एक कोंबडी कापली. एवढंच. रस्सा चांगला झाला होता, तू खाल्ला नाहीस, बॅग उचलून पहिल्या बसनं गेलीस.

हेलिकॉप्टर काही वाईट नसतं, नेल्सी. हळू जातं. खाली काय चाललंय ते दिसतं.

तुझी आत्या,
एदेल्मिरा


चिवासोका, २ एप्रिल

सुमेर्से नेल्सी,

उत्तर नाही, तरी लिहिते. हसू आलं तर तिकडे एकटीच हस, मला सांगू नकोस.

पाद्रे बेनिग्नोंची कबुलीजबाब ऐकायची खुर्ची तुला आठवत असेल, वाळवी लागलेली. ईस्टरच्या आत नवी करायची असं ठरलं. एवारिस्तो सुतार पाद्रेंकडे माप घ्यायला गेला, तर पाद्रे म्हणाले, “माझं माप कशाला घेतोस, माझा झगा वीस वर्षं एदेल्मिराच शिवते, तिच्या वहीत सगळं आहे.” खरंच आहे. माझ्या वहीत सगळं गाव आहे, कोण कधी सुटलं आणि कोण कधी वाळलं त्यासकट. मी वही उघडून एवारिस्तोला आकडे दिले. बसल्यावर पाठ ते गुडघा एवढं, गुडघा ते टाच एवढं.

खुर्ची आली. देवदाराची, पाठीवर द्राक्षांचा वेल कोरलेला. पवित्र गुरुवारी पाद्रे त्यात बसले. पाय टेकेनात. पाठ टेकवावी तर पाय हवेत, पाय टेकवावेत तर पाठ हवेत. तू ओळखतेसच त्यांना, उंची दुधाच्या कॅनएवढी. पहिलीच कबुली दुकानवाल्या ब्लांका नुबियाची. ती बिचारी जाळीपलीकडे गुडघे टेकून पापं सांगतेय, पाद्रे आत घसरत चाललेत, आणि ती म्हणाली, “पाद्रे, मी पुन्हा वजनात मारलं.” त्याच क्षणाला आतून धपकन आवाज. तिला वाटलं, तिच्या पापानंच पाद्रे कोसळले. तेव्हापासून ब्लांका नुबिया किलोला किलो देतेय.

एवारिस्तो माझ्याकडे तणतणत आला. मी म्हटलं, माप बरोबर आहे, तुझीच करवत वाकडी. त्यानं पाद्रेंना आणलं, माझ्या बाकावर बसवलं, स्वतःची लाकडी पट्टी लावली, आणि वहीतल्या आकड्याशेजारी धरली. पाद्रे वहीपेक्षा दोन बोटं कमी. दोन्ही मापं, दोन-दोन बोटं.

“दोन्या एदेल्मिरा,” तो अदबीनं म्हणाला, “सुमेर्सेच्या मापात माया असते. माझ्या लाकडात नसते.”

बरोबर बोलला. माझी आई सांगायची, अंग आज आहे तसं उद्या नसतं, आकडा लिहितानाच दोन बोटं माया धरून लिही. चाळीस वर्षं मी उघडा आकडा कधी लिहिलाच नाही. कापडाला ते चालतं. कापड जास्त झालं तर दुमडता येतं.

मला जरा काम आहे. इथंच थांबते.

एदेल्मिरा


चिवासोका, ५ एप्रिल

नेल्सी,

एक सहज विचारायचं होतं. शेजारणीच्या मुलीसाठी विचारतेय. समजा एखाद्यानं भरतीच्या कागदावर एखादा आकडा चुकीचा लिहिला. मुद्दाम नाही, असाच. तर तो नंतर बदलता येतो का? आणि कागदावरचा आकडा असो, तुमच्याकडे अकादमीत यंत्रावर बसवून पुन्हा मापतातच ना सगळ्यांना?

फक्त हो किंवा नाही लिहिलंस तरी चालेल. शेजारणीला घाई आहे.

आत्या


चिवासोका, १९ एप्रिल

नेल्सी,

शेजारणीला मुलगी नाही. तुलाही ते ठाऊक आहे. ताकाला जाऊन भांडं आता कशाला लपवू.

गेल्या रविवारी तुझ्या बापाकडून मी विचारून घेतलं. फोनजवळ उभी राहून त्याच्या कानात प्रश्न सांगत होते, तुला ऐकू आलंच असेल. उत्तर कळलं. ज्यांचा कागदावरचा आकडा बसत नाही, त्यांना यंत्रावर बसवतच नाहीत. कायमची वाटणी एक जूनला. त्यानंतर ज्याला जे विमान मिळालं ते मिळालं.

आता ऐक. तो आकडा मी लिहिला.

तुझा अर्ज भरायचा होता तेव्हा आरोग्य केंद्रातल्या ब्रिहिदाकडे उंची मापायची काठी तेवढी होती. बाकीची मापं कशी घ्यायची ते तिला उमजेना. “दोन्या एदेल्मिराला बोलवा, तिच्याकडे टेप आहे,” असं म्हणून तिनंच मला बोलावलं. तू स्टुलावर भिंतीला पाठ लावून ताठ बसलीस, श्वास रोखून. श्वास रोखून मांडी आखूड होते का गं. मी टेप लावला. त्रेसष्ट आले. आणि मी कागदावर सहासष्ट लिहिले.

एवारिस्तो गेल्यावर मी स्वतःला समजावलं की सवयीनं झालं. पाद्रेंचं झालं तसं. दोन आठवडे तेच घोकतेय. पण खाई त्याला खवखवे. खरं सांगायचं तर तेवढं सोपं नाही. आकडा सवयीनंच लिहिला, आईची शपथ. पण लिहून झाल्यावर ब्रिहिदानं शिक्का उचलला आणि विचारलं, “हे अंगाचं माप ना? कपड्याचं नव्हे?”

तेव्हा मला कळलं होतं. पेन माझ्या हातातच होतं. एक रेघ मारायची होती फक्त.

मी म्हटलं, “अंगाचंच.”

आदल्याच रात्री तू जेवताना त्या खुर्चीबद्दल सांगितलं होतंस. एक दांडी ओढायची, की छत उडतं आणि माणूस खुर्चीसकट आभाळात. डोळे चमकत होते तुझे, हातात मक्याची अरेपा तशीच गार झालेली. सहा वर्षांची असताना वीस जुलैला, स्वातंत्र्यदिनी, चौकावरून ती विमानं गेली, आणि तू बापाच्या गाडीच्या टपावर चढून ‘मला त्यात बसवा’ म्हणून गाव डोक्यावर घेतलंस, तेच डोळे. आणि माझ्या मनात एकच, की ज्या विमानात माणसाला बाहेर फेकायची सोय आधीच करून ठेवलीय, त्यात माझी पोर बसणार. तुझी आई गेली तेव्हा तू माझ्या मापाच्या वहीवर रांगत होतीस. तू उडू नयेस असं मला कधीच वाटलं नाही. तू फेकली जाऊ नयेस एवढंच वाटलं. आणि त्यासाठी मी तुझी वाट अडवली, आणि वर कोंबडी कापली. त्या कोंबडीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

काल ब्रिहिदाकडे गेले. सगळं सांगितलं. ती खुर्चीत मागं रेलली आणि म्हणाली, “दोन्या, माझा शिक्का आहे त्यावर. सुमेर्सेनं मला खोट्यात पाडलं.”

“पाडलं,” मी म्हटलं. “आता उचलते. कागदावर लिही की चूक शिंपिणीची, सही माझी.”

तिनं तासभर माझी उलटतपासणी घेतली, नंतर नवा दाखला लिहिला. बदल्यात तिच्या तिन्ही मुलींचे चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे पांढरे झगे मी शिवायचे, झालरींसकट. तिच्या थोरलीला किती झालरी लागतात माहिती आहे का तुला. पण कबूल केलं.

पत्रानं दाखला पाठवला आणि वाटेत हरवला तर? मी स्वतः येतेय. घाबरू नकोस, तुझ्यासमोर येऊन रडारड करणार नाही.

आत्या


अकादमीच्या फाटकाबाहेर, बाकावर, ८ मे

नेल्सी,

हे पत्र फाटकावरच्या शिपायाकडे देऊन जाणार आहे. तो भला मुलगा आहे. त्याच्या पँटची मागची शिवण इतकी वाईट होती की मला बघवेना. पर्समध्ये सुईदोरा होताच. तो उभ्या उभ्या सलाम ठोकत होता आणि मी मागं बसून टीप घालत होते. दोन अधिकारी आत गेले, एकानंही काही विचारलं नाही. त्यामुळे हे पत्र तुला नक्की मिळेल.

चौदा तास बस. खाली उतरता उतरता एकेक कपडा काढत आले, आता नुसत्या ब्लाउजवर बसलेय आणि तरी वितळतेय. तू इथं कशी राहतेस. रुआनेची पोच का दिली नाहीस ते आता मला पटलं.

तुमच्या डॉक्टरबाईंना भेटले. त्यांनी नवा दाखला वाचला, पुन्हा वाचला, चष्मा काढला.

“दोन्या,” त्या म्हणाल्या, “दर वर्षी आया येतात माझ्याकडे. कुणाचा मुलगा एक बोट वाढवा, कुणाचा एक बोट कमी करा. पण आकडा आपणच चुकवला असं सांगायला आजवर कुणी आलं नव्हतं.”

“मग मी पहिली,” मी म्हटलं.

“खरं माप किती?”

“त्रेसष्ट.”

“खात्री?”

“ही मांडी एक वीत होती तेव्हापासून मोजतेय.”

“आणि आमचं यंत्र पासष्ट म्हणालं तर?”

इथं माझी बोबडी वळेल असं मला वाटलं होतं. पण उत्तर आधीच तयार होतं, बसमध्ये चौदा तास तेच करत होते. म्हटलं, “तर तिला बसवू नका. यंत्राचं ऐका. गुडघे तिचे आहेत, माझ्या टेपचे नाहीत. मला फक्त एवढंच हवंय, की तिला एकदा मोजा.”

त्यांनी मला ती मापायची खोली दाखवली. तशीच खुर्ची, तसंच माप, पुढं लोखंडी फळी. मी विचारलं, बसून बघू का. त्या हसल्या, म्हणाल्या, बसा. बसले. माझे पाय जमिनीला टेकेनात. पाद्रे बेनिग्नोंची आठवण आली आणि मला इतकं हसू फुटलं की डॉक्टरबाईंना सगळी गोष्ट सांगावी लागली, ब्लांका नुबियासकट. त्याही पोट धरून हसल्या. मग त्या खुर्चीचे पट्टे, उशी, दांडी, सगळं एकेक करून त्यांनी समजावलं. दांडी कुठं, पाय मागं कसे ओढले जातात, चौसष्टच का. एक एक बोट कुणीतरी जीव लावून मोजलंय, नेल्सी. मला वाटलं होतं ती फेकायची खुर्ची आहे. ती परत आणायची खुर्ची आहे. हे तू मला त्या रात्री सांगत होतीस आणि मी अरेपा गार झाली म्हणून ओरडत होते.

एवढं मात्र खरं, तुमची विमानं म्हणजे तयार कपडा. एकच साईझ, बाजूला उसवायला जागाच नाही. अशा धंद्यात माझा एक दिवस निभाव लागला नसता.

त्यांनी विचारलं, भाचीला बोलावू का, दहा मिनिटं भेटता येईल. मी नको म्हटलं. आधी तू हे सगळं वाच. मग तुला वाटलं तर भेटू. तोंडासमोर येऊन मी उभी राहिले असते तर तुला माफ करावंच लागलं असतं, आणि तशी माफी मला नकोय.

दुपारी मैदानावर तुमची एक रांग धावत गेली. सगळ्यांचे कपडे सारखे, डोकी सारखी. मी मांडीवरून ओळखलं.

आत्या


चिवासोका, २४ मे

नेल्सी,

घरी पोचले त्याला दोन आठवडे झाले. आल्या आल्या गुळाचं गरम पाणी घेतलं, त्यात चीजचा तुकडा टाकला, आणि सोळा तास झोपले. आता झालरी. ब्रिहिदाच्या थोरलीला अकरा लागल्या.

तुझ्या बापानं रविवारी फोन केला. तू यंत्राबद्दल एक शब्द बोलली नाहीस म्हणे. टायरांबद्दल बोललीस. मी रिसीव्हर मागितला नाही. बाहेर बाकावर बसले होते.

पाद्रेंच्या खुर्चीचे पाय एवारिस्तोनं दोन बोटं कापले, बैठकही कापली. आता पाद्रे इतके आरामात बसतात की कबुली ऐकता ऐकता घोरतात. गावातली पापं वाढली आहेत.

एक जूनला अजून आठ दिवस आहेत. मी मेणबत्ती लावलीय. कशासाठी लावलीय ते देवाला मी स्पष्ट सांगितलंय, या वेळी घोटाळा नको.

आत्या


चिवासोका, १३ जून

सुमेर्से नेल्सी,

तुझं पाकीट काल आलं.

टपालवाला दारात उभा, मी मशीनवर. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी सुई बोटात घुसवून घेतली. पाकीट उघडलं तर पत्र नाहीच. वहीचा एक कागद, त्यावर नुसते आकडे. छाती, कंबर, खांदा, बाही, मांडी, पायाची लांबी. सगळ्यात वर ‘समारंभाचा निळा गणवेश, २० जुलै’. आणि सगळ्यात खाली तो एक आकडा, जो पँट शिवायला कुणालाच लागत नाही. बसल्यावर पाठ ते गुडघा. त्रेसष्ट. त्याखाली दोन रेघा.

कळलं गं, कळलं. दोन रेघा म्हणजे एक यंत्राची आणि एक माझी.

आणि त्याखाली तुझी ती एकच ओळ: ‘ही उघडी मापं आहेत. माया तू ठेव.’

मशीन सोडून मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचत बसले. तुझा बाप दुधाचे कॅन उतरवून आत आला, म्हणाला, काय झालं, कोण गेलं. मी कागद त्याच्यापुढं धरला. त्यानं आकडे वाचले, ओळ वाचली, आणि ‘तुला सांगायचंच राहिलं’ म्हणाला. रविवारीच तू त्याला सांगितलं होतंस. त्या विमानांच्या यादीत तुझं नाव, वरून तिसरं. चार दिवस हा माणूस दूध वाटत फिरतोय आणि त्याला सांगायचं राहिलं. म्हटलं ना, डोकं देताना देवानं हात आखडला.

मी कोंबडी कापली. या वेळची रीतसर आहे. तुझा वाटा ब्लांका नुबियानं खाल्ला.

रात्रभर बसून गणवेश झाला. आजच्या बसनं येतोय, एवारिस्तोच्या मेहुण्याच्या हाती. उघड्या मापाला बरोबर शिवलाय, आयुष्यात पहिल्यांदा. कात्री आकड्यावरच चालवली. घालून बघ, कुठंही एक दोराही जास्त नाही. तरी मांडीच्या आतल्या शिवणीत दोन बोटं माया ठेवलीय. बाहेरून दिसत नाही, मापात येत नाही, कुठल्याही यंत्राला सापडणार नाही. कधी लागलीच तर उसव. नाही लागली तर राहू दे तिथंच.

वीस जुलैला चौकावरून विमानं जातात. तू त्यात असशील की पुढच्या वर्षी, मला माहीत नाही. मी तुझ्या बापाच्या गाडीच्या टपावर चढणार आहे. शिडी एवारिस्तोकडून मागून ठेवलीय.

तुझी आत्या,
एदेल्मिरा